एक्स, वाय, झेड असलेला सगळ्यात लांब इंग्रजी शब्द: एका फेरीचा निकाल कसा अडकला आणि कसा सुटला

ही केस खरी आहे, फक्त माणसं ओळखू येतील असं सगळं काढून टाकलंय. मी त्या गटाचा सभासद नाही, वाद वाढल्यावर बाहेरचा माणूस म्हणून मला बोलावलं होतं. दिलेली अक्षरं असलेला लांबात लांब शब्द शोधायचा, हे वाचायला अगदी सोपं वाटतं, पण निकाल लावायची वेळ आली की कळतं की प्रश्नच अर्धा विचारला गेलाय. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

पार्श्वभूमी

इंग्रजी शब्दखेळ आवडणाऱ्या लोकांचा एक गट आहे. दर आठवड्याला एक फेरी असते. तीन ते सहा अक्षरं द्यायची आणि ती सगळी ज्यात येतात असा जास्तीत जास्त लांब शब्द पाठवायचा, मधे बाकीची अक्षरं कितीही आली तरी चालतात, क्रम कसाही चालतो. शब्दात जेवढी अक्षरं तेवढे गुण.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण नवीन माणसाचा इथेच गोंधळ होतो. ही अक्षरं वापरून 'बनलेला' शब्द वेगळा आणि ही अक्षरं 'असलेला' शब्द वेगळा. नेटवरची बरीच शब्दशोधक टूल्स पहिल्या प्रकारची असतात, म्हणजे हातात सात अक्षरं आहेत तर त्यांच्यातूनच काय बनेल ते सांगतात. इथे उलटं आहे, अक्षरं ही किमान अट आहे आणि वरची मर्यादा काहीच नाही.

आधीच्या फेऱ्या छान गेल्या होत्या. पाचही इंग्रजी स्वर असलेला शब्द, ही फेरी तर सगळ्यांनाच आवडली. कुणी सिक्वोया पाठवला, सातच अक्षरं पण पाचही स्वर आहेत. कुणी एज्युकेशन. कुणी फसीशस, ज्यात ए, ई, आय, ओ, यू अगदी याच क्रमाने येतात. आणि जिंकला तो काउंटररिव्होल्यूशनरीज, तब्बल २२ अक्षरी. तो अनेकवचनी होता पण कुणी हरकत घेतली नाही, संयोजकांनीही तसाच धरला. हे लक्षात ठेवा, पुढे हेच आडवं आलं.

मग एक्स, वाय, झेड ही फेरी आली. नियमपत्रकात नेहमीची ओळ होती की कोणत्याही प्रमाण इंग्रजी शब्दकोशातला शब्द चालेल. उत्तर आधी काढून ठेवायचं काम संयोजकांचं. स्वरांच्या फेरीला त्यांनी एका मोठ्या साध्या यादीतून उत्तर काढलं होतं, यावेळी ती यादी हाताशी नव्हती म्हणून मोबाईलवरच्या एका शब्दखेळाच्या ॲपमधून काढलं. ॲपने सांगितलं ऑक्सिफेनब्युटाझोन. स्पेलिंग ओ-एक्स-वाय-पी-एच-ई-एन-बी-यू-टी-ए-झेड-ओ-एन-ई, म्हणजे १५ अक्षरं.

स्क्रॅबल, म्हणजे बोर्डवर अक्षरांच्या सोंगट्या मांडून शब्द बनवायचा खेळ, तो खेळणाऱ्यांना हा शब्द तोंडपाठ असतो. सूज उतरवणाऱ्या एका औषधाचं हे नाव, १९८० च्या दशकात बऱ्याच देशांत ते औषध बाजारातून काढून घेतलं गेलं, पण शब्द मात्र अमर झाला, कारण अमेरिकन स्क्रॅबलमध्ये एका खेळीत जास्तीत जास्त किती गुण होऊ शकतात याचं जे गणित मांडतात त्यात याच शब्दाने १,७७८ गुण दाखवले जातात. प्रत्यक्ष डावात असं कुणाला जमणं जवळपास अशक्यच, पण कागदावर ते बसतं. इतका नावाजलेला शब्द समोर आल्यावर संयोजकांना शंका येण्याचं काही कारणच नव्हतं.

अडचण

बऱ्याच जणांची उत्तरं ९ ते १२ अक्षरांच्या आसपास होती. एक्झोएन्झाइम म्हणजे ९ अक्षरं. हायड्रॉक्सिझीन, ११ अक्षरं, ॲलर्जीवरचं औषध, आणि यात तर एक्स-वाय-झेड सलग एकामागोमाग येतात, मला स्वतःला या फेरीतला हा सगळ्यात देखणा शब्द वाटतो. दोघांनी ऑक्सिफेनब्युटाझोन पाठवला होता. संयोजकांनी निकाल लावला आणि खाली लिहिलं की याहून लांब शब्द इंग्रजीत नाही.

ही शेवटची ओळ लिहिली नसती तर निम्मा वाद झालाच नसता.

कारण चार जणांनी त्याहून लांब शब्द पाठवलेले होते आणि ते 'यादीत नाही' म्हणून बाद झाले होते. पहिला फिनॉक्सिबेन्झमीन, १६ अक्षरं, हेही औषधच. दुसरा ऑक्सिफेनब्युटाझोन्स, म्हणजे तोच शब्द एस लावून, १६. तिसरा झायगोमॅटिकोमॅक्सिलरी, १९ अक्षरं, गालाचं हाड आणि वरचा जबडा यांच्या जोडाबद्दल बोलताना डॉक्टर वापरतात तो शब्द. आणि चौथा हायड्रॉक्सिमिथॉक्सिबेन्झाल्डिहाइड, २६ अक्षरं, व्हॅनिलाचा वास ज्याच्यामुळे येतो त्या व्हॅनिलिनचं रासायनिक नाव, आकडे आणि आडव्या रेघा काढून एकत्र लिहिलेलं.

चौघांनीही विचारलं, आमचा शब्द बाद का? उत्तर आलं, यादीत नाही. कुठल्या यादीत? तर नियमपत्रकात यादीचं नावच नव्हतं, तिथे 'कोणताही प्रमाण शब्दकोश' असं लिहिलं होतं. म्हणजे नियम एक सांगत होता आणि तपासणी दुसऱ्याच गोष्टीवर झाली होती.

मूळ कारण गटातल्या एका मुलीने शोधून काढलं, तिला थोडं प्रोग्रॅमिंग येतं. तिने त्याच ॲपमध्ये आणखी वेगवेगळे अक्षरसंच टाकून पाहिले आणि तिच्या लक्षात आलं की उत्तर कधीच १५ च्या वर जात नाहीये. पाच स्वर टाकले तरी १५. फक्त ई आणि टी टाकलं तरी १५. इंग्रजीत १५ हून लांब शब्द भरपूर आहेत, मग एकही का दिसू नये? कारण ॲपमधली यादी स्क्रॅबलसाठी केलेली होती आणि स्क्रॅबलचा बोर्ड १५ बाय १५ घरांचा असतो. त्यावर सोळावं अक्षर ठेवायला जागाच नाही, म्हणून त्या खेळासाठी केलेल्या याद्या १५ वर थांबतात. पंधरा सेंटिमीटरच्या पट्टीने मोजून टेबल पंधरा सेंटिमीटरचं आहे म्हणण्यासारखं झालं होतं हे. ऑक्सिफेनब्युटाझोन हा इंग्रजीतला एक्स-वाय-झेडवाला सगळ्यात लांब शब्द आहे असं त्या ॲपने कधीच म्हटलं नव्हतं, बोर्डवर मावणाऱ्यांपैकी तो सगळ्यात लांब आहे एवढंच त्यातून कळत होतं.

काय काय पर्याय होते

मी गेलो तेव्हा गटात चार सूर होते. पहिला, लागलेला निकाल कायम ठेवा, ॲप हेच प्रमाण धरा. हे सोपं होतं, पण नियमपत्रकात ॲपचा उल्लेखही नाही, मग चौघांनी ते कसं ओळखावं? दुसरा, सगळे शब्द मान्य करा आणि २६ ला पहिला नंबर द्या. दिसायला उदार, पण तसं केलं की हा खेळ शब्दांचा राहत नाही, रसायनशास्त्रातली नावं जोडण्याचा होतो, यावर पुढे बोलतोच. तिसरा, फेरी रद्द करा. हे मला सगळ्यात जास्त खटकलं, कारण ज्यांनी डोकं लावून शोधलं होतं त्यांच्या मेहनतीवर पाणी. चौथा सूर त्या मुलीचा होता, की नियम जसा लिहिलाय तसाच वाचा आणि वादातला एकेक शब्द त्या नियमावर तपासा, नवीन नियम पुढच्या फेरीपासून.

चौथा पर्याय कष्टाचा होता पण तोच न्यायाचा. उत्तरं आल्यानंतर नियम बदलायचा नाही, नियम ढिसाळ असला तरी. हा पहिला महत्त्वाचा निर्णय आणि तो बरोबर होता असं मला आजही वाटतं.

संयोजकांनी एक रास्त शंका काढली. 'कोणताही' शब्दकोश म्हटल्यावर कुणी कुठलंही फुटकळ संकेतस्थळ दाखवेल, मग काय करायचं? त्यावर असं ठरलं की दोघांनी स्वतंत्रपणे तपासायचं, शब्द मोठ्या प्रकाशकाच्या शब्दकोशात स्वतंत्र नोंद म्हणून दोघांनाही मिळाला तरच घ्यायचा, वैद्यकीय शब्दकोश चालेल कारण तोही शब्दकोशच.

काय केलं

आधी निकालावर 'तपासणी चालू' असं लिहून तो थांबवला. मग दोन कामं समांतर सुरू केली: वादातले शब्द हाताने तपासणं आणि सगळा शोध नव्याने करणं.

शोधाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण असं काम कुणालाही करावं लागू शकतं आणि ते वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. छापील शब्दकोश इथे उपयोगाचा नाही, तो पहिल्या अक्षराने लावलेला असतो आणि आपली अक्षरं शब्दाच्या पोटात कुठेही असू शकतात. हवी असते ती शब्दांची साधी टेक्स्ट फाइल, एका ओळीत एक शब्द. मग ग्रेप कमांडने (फाइलमधल्या हव्या त्या ओळी शोधून देणारी कमांड) आधी एक्स असलेल्या ओळी काढायच्या, त्या पाइपने पुढच्या ग्रेपला देऊन त्यातल्या वाय असलेल्या, त्यातून झेड असलेल्या, आणि उरलेल्या शब्दांना लांबीप्रमाणे उतरत्या क्रमाने लावायचं. बस एवढंच. रेजेक्समध्ये, म्हणजे शोधायचा नमुना लिहायच्या पद्धतीत, लुकअहेड (पुढे काय आहे ते आधीच बघून घेणारी खूण) वापरून तिन्ही अटी एकाच ओळीत बसवता येतात, पण साध्या ग्रेपला लुकअहेड कळत नाही, त्याला पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेच्या पद्धतीचा पर्याय द्यावा लागतो, आणि ती ओळ नंतर दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही. तीन ग्रेप एकामागे एक लावणं जास्त बरं, चूक झाली तर कुठे झाली ते दिसतं.

त्या मुलीने अजून एक पद्धत सुचवली, प्रत्येक शब्दाला २६ बिटांचा एक आकडा द्यायचा, शब्दात अक्षर असेल तर त्याचा बिट एक, नसेल तर शून्य, आणि दिलेल्या अक्षरांच्या आकड्याशी अँड करून (दोन्हीकडे एक असलेले बिट तेवढे ठेवून) जुळतंय का बघायचं. हुशार पद्धत आहे, हजारो अक्षरसंच तपासायचे असतील तर वापरावीच. पण एका फेरीसाठी गरज नाही, दोन-तीन लाख शब्दांची फाइल ग्रेप डोळ्याची पापणी लवायच्या आत चाळतो. शिवाय तिच्यात एक खोट आहे जी आधी माहीत असायला हवी: बिट फक्त आहे की नाही एवढंच सांगतो, किती वेळा आहे ते विसरतो. अक्षरं के, के, बी अशी दिली आणि दोन के हवेच असं अपेक्षित असेल तर बुककीपर बरोबर आणि बँकर चूक, पण बिटांना दोन्ही सारखेच दिसतात. तिथे अक्षरांची मोजणीच करावी लागते.

आणखी दोन बारीक गोष्टी. विंडोजवर सेव्ह झालेल्या फाइलमध्ये ओळीच्या शेवटी एक न दिसणारं जास्तीचं चिन्ह असतं, लांबी मोजताना तेही मोजलं जातं आणि प्रत्येक शब्द एक अक्षराने लांब दिसतो. पहिल्या वेळी फिनॉक्सिबेन्झमीनसमोर १७ आलं ते यामुळेच, बोटांनी मोजल्यावर १६ निघाले. दुसरी, काही याद्यांमध्ये विशेषनामं पहिलं अक्षर कॅपिटल करून ठेवलेली असतात, ती आधी वेगळी काढायची, सगळं लहान लिपीत करून टाकलं की मग ती ओळखू येत नाहीत.

खरा मुद्दा याद्यांचा होता. आम्ही मुद्दाम एकमेकींपेक्षा अगदी वेगळ्या याद्या घेतल्या.

एक म्हणजे इनेबल, सुमारे १ लाख ७३ हजार शब्द, कुणालाही मोफत वापरता येते आणि १५ वर थांबत नाही, तिच्यातला सगळ्यात लांब शब्द २८ अक्षरी आहे. स्वरांच्या फेरीला संयोजकांनी वापरलेली साधी यादी हीच होती. दुसरी मॅकवर आधीपासून असते ती, सुमारे २ लाख ३५ हजार शब्दांची, पण ती १९३४ च्या वेबस्टरच्या दुसऱ्या आवृत्तीवरून घेतलेली आहे. आकडा मोठा बघून माणूस हीच चांगली समजतो. पण वादातली औषधं १९५० च्या दशकातली, ती १९३४ च्या कोशात कशी सापडणार? वर तिच्यात अनेकवचनं आणि क्रियापदांची रूपं बहुतेक नाहीतच. तिसरी नेटवर फिरणारी कित्येक लाखांची, जिच्यात खरे शब्द, नावं, टायपिंगच्या चुका सगळं एकत्र आहे. आणि चौथी तुलनेसाठी ॲपचीच.

चारी याद्यांना तोच प्रश्न विचारला आणि चारी ठिकाणी वेगळं चित्र दिसलं. ज्यांना अजूनही वाटत होतं की 'सगळ्यात लांब' हे अक्षरांवरून ठरतं, त्यांच्या हे तेव्हा ध्यानात आलं. ते यादीवरून ठरतं. यादीचं नाव न सांगता सगळ्यात लांब शब्द विचारणं म्हणजे अपुरा प्रश्न विचारणं, मग उत्तर कितीही काळजीने शोधा, ते वादात जाणारच.

आता वादातले शब्द.

फिनॉक्सिबेन्झमीन दोघा तपासनिसांना वैद्यकीय शब्दकोशात स्वतंत्र नोंद म्हणून मिळाला. मान्य. पाठवणाऱ्याने तो शोधला कसा हे सगळ्यांना ऐकायचं होतं, आणि ते खरंच ऐकण्यासारखं होतं. त्याने कॉम्प्युटर वापरलाच नव्हता. तो म्हणाला, अक्षरं सुटी बघूच नका, तुकडे बघा. एक्स आणि वाय शेजारी शेजारी कुठे येतात? ऑक्सि, हायड्रॉक्सि, फिनॉक्सि, मिथॉक्सि. म्हणजे ऑक्सिजन असलेली रसायनं. झेड कुठे येतो? एक तर आइझ शेवटी असलेल्या क्रियापदांत, नाहीतर बेन्झ आणि ॲझो या तुकड्यांत. ॲझो हा नायट्रोजनशी जोडलेला तुकडा, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने नायट्रोजनला ॲझोट म्हटलं होतं तिथून आलेला. म्हणजे ऑक्सिजनवाला एक तुकडा आणि बेन्झ किंवा ॲझोवाला एक तुकडा एकत्र येतात ती जागा औषधांची, मग त्याने आठवतील तेवढी औषधं आठवली. आख्ख्या यादीत ग्रेप मारण्यापेक्षा ही पद्धत मला कितीतरी सुंदर वाटते, कारण अक्षरं अशीच का एकत्र येतात हे ती सांगते.

ऑक्सिफेनब्युटाझोन्स हा अवघड निघाला. एकवचन कोशात आहेच, अनेकवचनाला वेगळी नोंद नसते. नियमात रूपांबद्दल अवाक्षर नाही. पण स्वरांच्या फेरीत काउंटररिव्होल्यूशनरीज हा अनेकवचनी शब्द जिंकलेला होता, म्हणजे पायंडा पडलेला. पायंडा पाळायचा तर हा मान्य करायला हवा. यावर फिनॉक्सिबेन्झमीनवाल्याने म्हटलं की अनेकवचन चालतं हे मला माहीत असतं तर मीही एस लावला असता आणि माझी १७ झाली असती. तो गटात नवीन होता, स्वरांची फेरी त्याने पाहिलीच नव्हती. त्याचं म्हणणं शंभर टक्के रास्त होतं. तरी पाठवलेला शब्द नंतर बदलायचा नाही हे ठरलेलं असल्यामुळे १६ ला १६ अशी बरोबरी धरली.

झायगोमॅटिकोमॅक्सिलरीवर सगळ्यात जास्त वेळ गेला. शब्द खराखुरा आहे, शस्त्रक्रियेच्या लिखाणात सर्रास येतो, कुणी बसून बनवलेला नाही. गंमत बघा, वादातल्या बाकीच्या शब्दांत एक्स, वाय, झेड याच क्रमाने सापडतात आणि यात बरोब्बर उलटे, आधी झेड, मग वाय, मग एक्स. पण तपासनिसांनी जे कोश उघडले त्यांत दोघांनाही तो स्वतंत्र नोंद म्हणून मिळाला नाही. पाठवणाऱ्या बाईंनी वैद्यकीय लेख दाखवले. संयोजक म्हणाले, वापरात आहे हे मान्य, पण नियम कोशाचा आहे. मला वाईट वाटलं, तरी मी संयोजकांच्या बाजूने बोललो, कारण 'वापरात दिसला' एवढ्यावर एक शब्द घेतला की २६ अक्षरीवाल्याला नाही म्हणता येत नाही.

आणि २६ अक्षरी. हा का बाद, हे नीट समजावणं गरजेचं होतं, नुसतं नाही म्हणून चाललं नसतं. रासायनिक नाव हे पदार्थाच्या रचनेचं वर्णन असतं, नियम पाळून ते हवं तेवढं वाढवता येतं. व्हॅनिलिनच्या नावाला आणखी एक मिथॉक्सि जोडा आणि आधी 'डाय' लावा, दुसरा पदार्थ, आणखी लांब नाव. टायटिन या प्रथिनाचं पूर्ण नाव लिहिलं तर १,८९,८१९ अक्षरं होतात असं सांगतात, आणि कुठलाही शब्दकोश ते शब्द म्हणून छापत नाही. (ते अमिनो आम्लांच्या नावांनी बनलेलं आहे, त्यामुळे त्या एवढ्या अक्षरांत एक्सही नाही आणि झेडही नाही, म्हणजे या फेरीत ते चाललंच नसतं.) शिवाय व्हॅनिलिनच्या खऱ्या नावात मधे आकडे आणि रेघा आहेत, त्या काढून आपण एकसंध शब्द तयार केला की तो आपला झाला, कोशाचा नाही. पाठवणाऱ्याने हे शांतपणे ऐकलं आणि पटलं म्हणाला.

निकाल

फिनॉक्सिबेन्झमीन आणि ऑक्सिफेनब्युटाझोन्स यांना संयुक्त पहिला क्रमांक, १६ गुण. ज्या दोघांनी १५ अक्षरी पाठवला होता ते दुसरे झाले, त्यांना आधी जिंकल्याचं कळवलेलं होतं त्यामुळे एकजण नाराज झाला आणि काही आठवडे आलाच नाही. झायगोमॅटिकोमॅक्सिलरीचा निकालात वेगळा उल्लेख केला, गुण न देता. 'याहून लांब शब्द नाही' ही ओळ काढून 'पाठवलेल्या आणि कोशात मिळालेल्या शब्दांत सर्वात लांब' असं लिहिलं. सगळे खूश झाले असं नाही, पण कुठला शब्द का घेतला आणि का नाही हे प्रत्येकाला वाचता आलं, आणि त्यावर नवीन तक्रार आली नाही.

पुढच्या फेरीपासून अक्षरांसोबत यादीचं नाव द्यायला सुरुवात झाली. अक्षर दोनदा दिलं तर ते शब्दात दोनदा हवं हेही लिहिलं. आणि अक्षरं जाहीर करण्याआधी दोन वेगळ्या याद्यांवर शोध चालवून बघायचा, दोन्हींच्या उत्तरात फार फरक असेल तर ती अक्षरं घ्यायचीच नाहीत, कारण असा फरक म्हणजे उत्तर यादीच्या कडेला लटकतंय याची खूण.

या सवयीचा फायदा लगेच दिसला. क्यू, झेड, व्ही अशी अक्षरं ठरली होती आणि एका यादीने व्हेन्ट्रिलोक्वाइझिंग दिला, १५ अक्षरं, ओठ न हलवता दुसरीकडून आवाज आल्यासारखं बोलण्याची जी कला असते त्यावरून आलेला शब्द. ब्रिटिश वळणाच्या दुसऱ्या यादीत तो आलाच नाही, कारण तिथे तेच क्रियापद झेडऐवजी एसने लिहिलेलं. एक स्पेलिंग बदललं आणि शब्द स्पर्धेतूनच बाहेर. ऑक्सफर्डचे कोश ब्रिटिश असूनही अशा क्रियापदांना झेडच वापरतात, म्हणजे ब्रिटिश म्हटलं तरी एकच उत्तर नाही. हे आधीच दिसल्यामुळे दोन्ही वळणं चालतील असं फेरीबरोबरच लिहिता आलं.

वेगळं काय करता आलं असतं

बरोबरीचा निर्णय मला अजून पटलेला नाही. पायंडा पाळला हे ठीक, पण पायंडा कुठे लिहिलेलाच नव्हता आणि नवीन माणसाला तो माहीत असण्याचा मार्ग नव्हता. त्यापेक्षा या एका वादापुरती मूळ रूपांची तुलना करायला हवी होती, म्हणजे फिनॉक्सिबेन्झमीन १६ आणि ऑक्सिफेनब्युटाझोन १५, आणि निकाल स्पष्ट लागला असता. एस लावण्यात शोध काहीच नसतो. काहीजण म्हणतात की रूप ओळखणं हाही खेळाचाच भाग आहे, आइझचं आइझेशन करणं, त्याचं अनेकवचन करणं. क्रियापदापासून नाम केलं तर मी मान्य करेन, तो नवीन शब्द आहे. नुसता एस म्हणाल तर नाही.

दुसरं, तपासणी संयोजकांनी एकट्याने करायला नको होती. दुसऱ्या कुणी फक्त 'उत्तर १५ च का येतंय' एवढं विचारलं असतं तरी गोष्ट निकालाआधी उघडी पडली असती. कुठल्याही यादीला आधी एखादं अगदी सोपं अक्षर देऊन तिचा सगळ्यात लांब शब्द केवढा आहे ते बघून घ्यावं, मिनिटभराचं काम आहे, यादी कुठे संपते ते तिथेच दिसतं.

वैद्यकीय कोश चालेल हे वादानंतर ठरवणं टाळता आलं नाही, पण कोणते कोश उघडायचे याची यादी तपासणीआधीच चौघांना द्यायला हवी होती. ती दिली असती तर झायगोमॅटिकोमॅक्सिलरीवाल्या बाईंना स्वतः बघता आलं असतं आणि निर्णय त्यांना परका वाटला नसता.

कॉम्प्युटर वापरायचा की नाही हा प्रश्न गटात अजून सुटलेला नाही. वापरणाऱ्याला अडवता येत नाही, आणि न वापरणारा त्याच्याशी लांबीत सहसा टिकत नाही. तुकड्यांतून शोधणाऱ्या त्या नवीन सभासदाने सुचवलंय की शब्दासोबत तो कसा सापडला ते दोन ओळीत लिहायला सांगा आणि त्याला वेगळे गुण द्या. संयोजकांना ते मोजायला अवघड वाटतं. पुढच्या दोन फेऱ्या तसं करून बघायचं ठरलंय, पहिलीची अक्षरं आहेत जे, एक्स, पी.